धार चार बोटं बाजूला

सन २०२२. माझं वय तेव्हा सत्तर.

वयाचा फार भरवसा धरू नका. दाखल्यावर एक जून आहे, कारण आमच्या मास्तरांनी निम्म्या वर्गाला एक जूनलाच जन्माला घातलं होतं. आईला तारीख ठाऊक नव्हती. ती एवढंच सांगायची, तू झालास तेव्हा परसातली जांभळं गळत होती आणि सुईण घरात आली ती तळपाय जांभळे करून. म्हणून मी माझी वर्षं जांभळांवर मोजत आलो. सत्तराव्या जांभळांना जे झालं ते आज लिहायला बसलोय, कारण जांभळं पुन्हा आलीत.

परवा सिस्टर सुवर्णाचा फोन आला. उल्हासनगरातल्या एका हॉस्पिटलात ती नर्स आहे.

"भोईरकाका, जांभळं आली का हो तुमच्याकडं?"

"आली. पण अजून आंबट आहेत."

"आंबट चालतील. खायची कुठं आहेत? मंगळवारी या. नव्या पोरी आल्यात."

फोन ठेवला आणि मी मिशीवरून हात फिरवला. खोटं कशाला बोलू? मी चौथी नापास माणूस. इंग्रजी अक्षरं मला पाईपावरच्या छापाइतकीच कळतात. पण वर्षातून एकदा, जांभळांच्या दिवसांत, नर्सिंगची मोठी परीक्षा दिलेल्या पोरी माझ्यासमोर हाताची घडी घालून उभ्या राहतात आणि मी त्यांना बेसिन शिकवतो. मला 'सर' म्हणतात. एकदा एकीनं विचारलं, "सर, तुमचं शिक्षण कुठं झालं?" मी म्हटलं, "मोरीत." सगळ्या हसल्या. मी हसलो नाही, कारण ते खरं होतं.

आमच्या खरवई गावात आता उंच उंच इमारती झाल्यात. जिथं आमच्या चुलत्यांची जांभळीची रांग होती तिथं गाड्या लावायच्या पट्ट्या मारल्यात. तरी चार झाडं राहिलीत. एक आमच्या दारात आहे. मेच्या शेवटाला हवा अशी दाटते की अंगातला सदरा अंगालाच शिवल्यासारखा वाटतो, मलंगगडाच्या अंगाला ढग येऊन नुसते बसून राहतात, आणि एका सकाळी दार उघडावं तर अंगण जांभळं झालेलं असतं. चप्पल उचलताना चिकट आवाज येतो. डोंगरातल्या बाया पाटीत कुड्याची पानं घालून जांभळं आणतात, रस्त्याकडेला पानावर वाटे लावतात. एक तोंडात टाकलं की आधी गोड, मग आंबट, आणि शेवटी घसा असा धरला जातो की माणसाचं बोलणंच बंद. बोलभांड माणसाला गप्प करायला हे एकच फळ निघालंय.

आणि डाग. जांभळाचा डाग लपत नाही. जिभेवर, बोटांवर, सदऱ्यावर. लहानपणी चोरून खाल्ली तरी आई म्हणायची, "जीभ दाखव." बस्स, तेवढ्यावर निकाल लागायचा.

आता माझ्या धंद्याबद्दल सांगतो. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही, आणि खरं म्हणजे मला ते सांगायला आवडतं.

मी प्लंबर. शेती होती, पण ती भावांत वाटून वाटून अंगणाएवढी झाली. मग उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये एका सिंधी शेटच्या फिटिंगच्या दुकानावर राहिलो आणि तिथल्या उस्तादाच्या हाताखाली शिकलो. तेव्हा लोखंडी पाईप होते. आटे पाडायचे, आट्यांवर सफेदा लावायचा, वर सुतळी गुंडाळायची आणि पाना असा आवळायचा की खांद्यातून आवाज यावा. मी आवळलेला सांधा गळला असं सांगणारा माणूस उल्हासनगर ते बदलापूर अजून कुणी भेटलेला नाही. भेटला तर घेऊन या.

पण माझं खरं नाव झालं ते धारेवर. बेसिन बसवताना बाकीचे काय करायचे? बेसिन भिंतीला, नळ बेसिनला, संपलं काम. मी तसं कधी केलं नाही. गवंड्याकडं असतो तसा ओळंबा माझ्या पिशवीत कायम असायचा. दोरीला पितळेचा लट्टू. नळाच्या तोंडाशी दोरी धरायची आणि लट्टू खाली सोडायचा. तो बेसिनच्या जाळीच्या अगदी मधोमध आला तरच नळ आवळायचा. इकडं तिकडं असला तर बेसिन सरकव, नळ बदल, वायसर घाल, पण धार जाळीत पडली पाहिजे. सरळ जाळीत. बेसिनच्या पांढऱ्या अंगाला पाणी लागता कामा नये. डाग पडत नाही, पिवळी रेघ उठत नाही, बेसिन दहा वर्षांनी बघा, कालच आणल्यासारखं. लोक म्हणायचे, "भोईरची धार आहे." कॅम्पातल्या सिंधी बायका नवीन माणसाला सांगायच्या, "वो भोईरवाला नल लगाना, बीच में गिरनेवाला."

त्या हॉस्पिटलाची इमारत झाली तेव्हा सगळ्या बेसिनांचं काम मला मिळालं. मी एकेक धार ओळंब्यात धरली. उद्घाटनाला डॉक्टरांचे सत्कार झाले, आर्किटेक्टचा झाला. माझा झाला नाही. मी आपला वरच्या मजल्यावर गेलो, एकेक नळ उघडला, बघितला, बंद केला. झाला माझा सत्कार.

वीसेक वर्षांनी त्याच मजल्यावर माझी बायको यमुना पडून होती.

२०२२ च्या मे महिन्यात गच्चीवर सुकट वाळत घालताना ती पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं. हॉस्पिटल मीच सांगितलं होतं. मुलगा म्हणत होता ठाण्याला नेऊ. मी म्हटलं, "तिथं माझ्या हातचं काम आहे. घरच्यासारखं वाटेल." खोलीत गेलो तर खरंच, तिच्या कॉटच्या उशाशी, दोन हातांवर, माझं बेसिन. मूळची जागा अशी नव्हती. तिथं एकच कॉट होती, पुढं कधी तरी ही दुसरी बेसिनजवळ घुसवली होती. मी लगेच नळ उघडला आणि तिला दाखवलं.

"बघ. अजून मधोमध."

ती वेदनेनं कण्हत होती. म्हणाली, "अवो, मी हाडाची मेली, आन तुमी नल काय दाखवताव?"

दहा दिवस मी तिच्याजवळ बसून होतो. घरून पेज आणायचो. ती दोन घोट प्यायची, उरलेली मी बेसिनमध्ये ओतायचो. नारळपाणी, चहा, औषधाचं पातळ सरबत, सगळं तिथंच. बाटलीत उरलेलं सलाईन आयाबाई तिथंच रिकामं करायची. नळ सोडला की सगळं गुडुप. मी मनात म्हणायचो, बघा, भोईरचा उतार.

मग जखमेतून पाणी यायला लागलं. ताप आला. एक इंजेक्शन झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. ताप उतरायचा नि संध्याकाळी परत चढायचा. ती बोलेनाशी झाली. चाळीस वर्षं जिचं तोंड थांबलं नाही ती बाई भिंतीकडं बघून नुसती म्हणायची, "मना घरा न्या." डॉक्टर म्हणाले, जखम परत उघडून धुवावी लागेल, आणि जंतू रक्तात गेला तर सांगता येत नाही.

जूनचा पहिला आठवडा होता. दारात जांभळांचा सडा पडला असणार. मी बघितला नाही.

तेव्हा सिस्टर सुवर्णा आली. अंबरनाथच्या बुवापाड्यातली पोर, बाप एमआयडीसीत पाळ्या करून गेला, ती शिकली. हॉस्पिटलात कुणाचा जंतू कुणाला लागतोय यावर नजर ठेवणं हे तिचं काम. अंगानं काडी, पण डॉक्टरसुद्धा तिला बघितल्यावर हात धुवायला धावायचे. तिनं माझ्यासमोर यमुनेच्या जखमेचा कागद धरला.

"काका, हा रिपोर्ट. तुम्हाला कळावं म्हणून सांगते."

इंग्रजी कागद. मी काय वाचणार? पण एक दिसलं. औषधांची नावं खाली खाली लिहिलेली आणि प्रत्येकासमोर एकच अक्षर. वरून खालपर्यंत तेच.

"हे काय आहे एकच एक?"

"आर. म्हणजे रेझिस्टंट. म्हणजे हे औषध या जंतूला लागू पडत नाही. हेही नाही, हेही नाही."

"आणि हे खालचं वेगळं?"

"एस. हे तेवढं चालतं. एकच उरलंय, काका. तेही जपून द्यावं लागतं, किडनीवर येतं."

मी विचारलं, असा निगरगट्ट जंतू येतो कुठून? तिनं समजावलं ते मला अजून शब्दाला शब्द आठवतं. "तुम्ही अर्ध्यात गोळ्या सोडता ना, बरं वाटलं की? जे जंतू त्यातून वाचतात ते औषधाला सरावतात. आणि जिथं रोज थोडं थोडं औषध ओतलं जातं तिथं तर त्यांची शाळाच भरते."

गोळ्यांचं तिला कुणी सांगितलं देव जाणे. घरी माझ्या पत्र्याच्या डब्यात उरलेल्या गोळ्या भरून ठेवल्या होत्या. दोन दिवस घ्यायच्या, ताप गेला की उरलेल्या पुढच्या तापाला. मी त्याला काटकसर म्हणायचो.

मग तिनं दुसरा कागद काढला. "आणि हा या बेसिनचा रिपोर्ट. जाळीतून कापसाची काडी फिरवून घेतला होता."

मी दोन्ही कागद तिच्या हातातून घेतले, एकावर एक ठेवले आणि खिडकीच्या उजेडात धरले. पाईप जोडायच्या चकत्यांची, फ्लँजची, भोकं जुळतात का ते आम्ही असंच बघतो. अक्षरावर अक्षर बसलं. आरवर आर. एसवर एस. एकही भोक चुकलं नाही.

माझे कान तापले. पण मी भोईर आहे. म्हटलं, "सिस्टर, जंतू हिच्याकडून बेसिनमध्ये गेला असेल. बेसिनमधून हिच्याकडं आला कशावरून?"

"हा प्रश्न बरोबर आहे," ती म्हणाली. खोटं नाही बोलली, यासाठी मी तिला मानतो. "ते मी शपथेवर नाही सांगू शकत. पण या कॉटवर आधी होते त्या आजोबांनाही हाच निघाला होता. कॉट तीच, बेसिन तेच. तुमची धार सरळ जाळीत पडते, काका. खालचा जंतू उडून वर येतो."

"पाणी वर येत नाही," मी म्हणालो.

"थेंब येतात."

"पन्नास वर्षं मी पाणी खाली नेतोय. माझ्या नळाचा थेंब बेसिनबाहेर पडलेला दाखवा."

"दिसत नाहीत इतके बारीक असतात."

"न दिसणारं मी मानत नाही."

आवाज चढला होता. मेंटेनन्स बघणारा हरेशभाई धावत आला. गळ्यात सोन्याची साखळी, हातात चाव्यांचा जुडगा. "क्या हुआ साईं, क्या हुआ?" मी सगळ्यांसमोर, यमुना ऐकत असताना, बोलून गेलो: "माझ्या धारेनं हे झालं असेल तर हा नळ मी माझ्या हातानं उपटीन. आणि नसेल तर सिस्टरनं माझ्या बेसिनचं नाव कागदावरून काढायचं."

सिस्टर म्हणाली, "कबूल."

यमुनेला त्याच दिवशी दुसऱ्या खोलीत हलवलं आणि ते एकच उरलेलं औषध सुरू केलं. मी घरी आलो. दार उघडायला वाकलो तर पायाखाली फचकन आवाज झाला. जांभूळ. तळपायाकडं बघितलं आणि तिथंच उभा राहिलो. एवढंसं फळ फुटलं होतं आणि थेंब माझ्या धोतराच्या काठापर्यंत, पायरीवर, थेट उंबऱ्यापर्यंत उडाले होते. साधं पाणी असतं तर मला काय दिसलं असतं? काही नाही. वाळून गेलं असतं.

मला ते सुचलं याचा मला अभिमान आहे. शिकलेल्यांना सुचलं नव्हतं. सिस्टरनं पुढं सांगितलं की परदेशात चमकणारे रंग घालून असं बघतात. असतील बघत. त्यांच्याकडं जांभळं नसतील.

दुसऱ्या दिवशी पातेलंभर जांभळं कुस्करली, बिया काढल्या, गर डब्यात भरला आणि हॉस्पिटल गाठलं. हरेशभाईनं डबा उघडून वास घेतला. "काका, पेशंट के लिए लाए हो? मेरे को भी दो थोड़ा."

"खायला नाय, बेसिनला लावायला."

"बेसिन को? काका, आप घर जाओ, आराम करो. काकी ठीक हो जाएगी."

पण सिस्टरनं एका क्षणात ओळखलं. ती हसली नाही. तिनं यमुनेच्या रिकाम्या केलेल्या खोलीत कॉटवर, ट्रॉलीवर, जमिनीवर पांढऱ्या धुतलेल्या चादरी अंथरल्या. ट्रॉलीवर जिथं इंजेक्शनं ठेवतात तिथंही. मी जाळीचा स्क्रू काढला. खाली बोट घातलं. बुळबुळ हाताला लागली, करडी, जाड, सायीसारखी. पन्नास वर्षं ती मी बोटानं काढून फेकत आलो, लुंगीला पुसत आलो. कधी विचारलं नाही, ही जिवंत आहे का. खालच्या बाटलीसारख्या भागात पाणी कायम साचलेलं असतं, वास वर येऊ नये म्हणून. तिथून ती वेलासारखी वर चढते, जाळीपर्यंत. आम्ही तिला पेज पाजतो, चहा पाजतो, औषध पाजतो.

जिथं ती बुळबुळ होती तिथंच, जाळीच्या काठाला आणि आत बोटभर, मी जांभळाचा गर फासला. नळाला रंगाचा टिपूस नाही. पाणी स्वच्छ. मग सिस्टरला म्हटलं, "तुम्ही रोज धुता तसे हात धुवा. जोर कमी करू नका."

तिनं नळ सोडला. धार मधोमध पडली. किती सुरेख पडली. काचेच्या कांबीसारखी सरळ, जाळीच्या काळजात. मी हरेशभाईकडं बघितलं, तो मान डोलवत होता. "एक नंबर काम है काका, बीस साल हो गया."

तिनं हात धुतले, नळ बंद केला. बेसिनमध्ये बघितलं, काही नाही. बेसिनच्या काठावर बघितलं, बारीक शिंतोडे. "हे चालायचंच," मी म्हटलं.

मग ट्रॉलीवरच्या चादरीवर एक ठिपका दिसला. मोहरीएवढा. मी वाकलो. त्याच्या बाजूला आणखी एक. मग डोळे सरावले आणि दिसतच गेले, आकाशात चांदण्या दिसत जातात तसे. कॉटच्या चादरीवर. उशी असते त्या जागी. जिथं यमुनेचं डोकं होतं, तिथं. पायापाशी कमी, उशाशी जास्त. दोन हात लांब.

मी ठिपके बोटानं मोजायला लागलो. विसाच्या पुढं मोजले नाहीत.

सिस्टर हळूच म्हणाली, "काका, तुमच्या सदऱ्यावर."

छातीवर, खिशाच्या जरा वर. एकच ठिपका.

हरेशभाई भला माणूस. तो घाईघाईनं म्हणाला, "छोड़ो ना काका. आपकी क्या गलती? उस टाइम सब ऐसे ही लगाते थे. कॉट हमने बाद में लगाई. वो बात बात में बोला था आपने, कौन पकड़के बैठा है?" सिस्टरही म्हणाली, "खरंच, काका. मी बेसिन बंद करून घेते. आमचा माणूस करील काम."

पळायला वाट मोकळी होती. खरंही होतं त्यांचं. पण सगळे असेच बसवत होते, हे मात्र खोटं. सगळे वेडेवाकडे बसवत होते. त्या वेड्यावाकड्या बेसिनांची धार आडवी, भांड्याच्या अंगावर पडायची, घरंगळत जायची, जाळीतल्या झोपलेल्याला कधी उठवायची नाही. पिवळी रेघ पडायची, तेवढंच. सरळ जाळीत मारणारा एकटा मीच. ती चूक करायलासुद्धा हातात कसब लागतं, आणि ते कसब फक्त माझ्याकडं होतं. ती चूक दुसऱ्या कुणाच्या नावावर मी कशी जाऊ देऊ? चांगलं काम माझं, तर हेही माझंच.

मी यमुनेच्या नव्या खोलीत गेलो. ती जागी होती. मी काही बोलायच्या आधी तिची नजर सदऱ्यावर गेली. लहानपणी आईची जायची तशी.

"जांभलं खाल्लीत मना टाकून?"

मी सगळं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला 'माझं चुकलं' हे दोन शब्द म्हटले. तिनं मान माझ्याकडं वळवली. मग म्हणाली, "मंग? बोललाव ना, उपटीन म्हून? मी ऐकलंय हां."

हे सगळं आठवतं ते या दिवसांत. आज यमुना ओट्यावर बसून मी काय लिहितोय ते बघतेय. त्या एका औषधानं तिला तारलं, जखम दुसऱ्यांदा धुतली तेव्हा स्वच्छ निघाली. पाय एक बोट आखूड झालाय, काठी घेते. काठीनंच मला ढोसते. माझा पत्र्याचा डबा तिनं रिकामा केलाय, त्यात आता ती जांभळाच्या बिया वाळवून ठेवते, साखरेवर चूर्ण करायला. डॉक्टरनं गोळ्या दिल्या की माझ्यासमोर काठी आपटते: "शेवटची घ्या." तो सदरा तिनं धुतला तरी ठिपका गेला नाही, निळसर होऊन राहिला. मंगळवारी तोच घालून जाणार आहे. पोरींना जाळीवर गर फासून दाखवीन, चादर दाखवीन, आणि मग खिशावरचा ठिपका. सांगीन, बेसिन हात धुवायला आहे, पेज ओतायला नाही. सांगीन, चांगलं दिसतं ते चांगलं असतंच असं नाही, बोट घालून बघा.

जांभळं आणखी आठ दिवस राहतील. मग पावसाची झड लागेल, रस्ते धुतले जातील आणि या सगळ्याचा मागमूस राहणार नाही. पण तोवर अंगण जांभळं आहे आणि मी त्यातून चपलेशिवाय चालतो.

२०२२ च्या त्या दिवशी मात्र, यमुनेशी बोलून, मी घरी आलो. जेवलो नाही. पिशवी काढली, पाने तेलानं पुसले, ओळंब्याचा पितळी लट्टू चिंचेनं घासून लख्ख केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी हॉस्पिटलात हजर. हरेशभाई म्हणाला, "काका, सच में?" मी पिशवी खाली ठेवली आणि पाणी बंद केलं. नळाला पाना लावला. माझाच सांधा, माझाच सफेदा, वीस वर्षं. सुटेना. शेवटी पान्याला पाईपाचा तुकडा जोडून अंगाचा भार टाकला, तेव्हा कुठं कर्र करून सुटला. एवढ्यातही मला बरं वाटलं, की काय आवळलं होतं. खालची बाटली काढली, बुळबुळीसकट पिशवीत बांधून सिस्टरला दिली. नवी लावली. बेसिन कॉटपासून लांबच्या भिंतीला नेलं.

पलीकडच्या खोलीतून यमुनेचा आवाज आला, कितीतरी दिवसांनी ठणठणीत. "कोन ठोकतंय गो?"

"तुमचे यजमान, काकी," आयाबाई म्हणाली.

"मंग आज काय संपत नाय."

मी नवा नळ हातात घेतला. त्याच्या तोंडाशी दोरी धरली आणि लट्टू खाली सोडला. सवयीनं तो जाळीच्या मधोमध येऊन थांबला, अगदी मधोमध. मी नळ वळवला. लट्टू झुलला, जाळी सोडून बाजूला गेला आणि चार बोटं अंतरावर, पांढऱ्या अंगावर, स्थिर झाला. मी त्याच्याकडं जरा वेळ बघितलं. मग पाना उचलला आणि तिथंच आवळला, खांद्यातून आवाज येईपर्यंत.